लुळ्या दोरीचा ताठा

बॅटरीवर चालणाऱ्या ग्रास ट्रिमरच्या रिळातून नायलॉनची दोरी वीतभर कापून घ्या. जाडी दोन मिलिमीटर, रंग बहुधा भडक हिरवा नाहीतर नारिंगी. आता तिने तुळशीचं एक पान तोडून दाखवा. पान हलतं, दोरी वाकते, पुढे काही घडत नाही. हाच तुकडा यंत्राच्या तोंडाशी बसवून खटका दाबला की कंपाउंडात गुडघाभर वाढलेला टाकळा सपासप आडवा होतो, आघाड्याचे दांडे तुटतात, गाजरगवताचा तर चुरा होतो. दोरीला धार नाही, टोक नाही, पातं म्हणावं असं काहीच नाही. मग कापतं कोण?

दोरी संपली म्हणून नवी आणायला गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण दुकानात टांगलेली रिळं त्याला दुसऱ्याच प्रश्नात अडकवतात. १.६ मिलिमीटर, २, २.४, २.७, ३, गोल, चौकोनी, चांदणीच्या आकाराची, पिळाची. दुकानदार म्हणतो, “जाडवाली घ्या काका, टिकेल.” सल्ला मनापासूनचा असतो आणि पेट्रोलवरच्या ब्रश कटरसाठी बराचसा बरोबरही असतो. बॅटरीच्या यंत्राला तो तसाच्या तसा लागू पडत नाही. का, ते समजायला आधी कापतं कोण याचा छडा लावायला हवा.

हिशोबासाठी अठरा व्होल्टचं एक साधं यंत्र धरू. कापण्याच्या वर्तुळाचा व्यास ३० सेंटिमीटर, फेरे मिनिटाला ६,०००. म्हणजे सेकंदाला शंभर. दोरीचं टोक केंद्रापासून १५ सेंटिमीटरवर आहे, एका फेऱ्यात ते ९४ सेंटिमीटर जातं, तर सेकंदात ९४ मीटर. ताशी सुमारे ३४० किलोमीटर! घराच्या अंगणात, चपला घालून उभ्या असलेल्या माणसाच्या पायापासून दोन-तीन हातांवर हा वेग चाललेला असतो. टोकाच्या प्रत्येक कणाला त्या वर्तुळात धरून ठेवायला जी ओढ लागते, ती त्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ सहा हजार पट भरते.

गोफण फिरवलेल्या माणसाला हे हाताला माहीत असतं. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण गरगरा फिरवली की लोंबणारी दोरी सळईसारखी ताठ होते आणि हाताला ओढ बसते. ट्रिमरमध्ये दगड नाही. दोरी स्वतःच स्वतःचा दगड आहे. यंत्राच्या फिरत्या तोंडाच्या, म्हणजे हेडच्या, भोकातून बाहेर आलेल्या दहा सेंटिमीटर दोरीचं वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, पण त्या फिरण्यात ती भोकापाशी सुमारे १.४ किलो वजन टांगल्याइतकी ओढ लावते. तिचा ताठपणा नायलॉनचा नव्हेच, वेगाचा आहे. खटका सोडला की दोन-तीन सेकंदांत ती पुन्हा लुळी.

आणि गवत? विळ्याने कापताना आपण मूठभर गवत डाव्या हातात धरतो, कारण आधार नसला तर ते विळ्यापुढे वाकून निसटतं. कात्रीला दुसरं पातं असतं ते याचसाठी. ट्रिमरच्या दोरीला दुसरा हात नाही. ती गवताला वाकायला वेळच देत नाही. काडी बाजूला सरण्याआधी दोरी तिच्यातून आरपार गेलेली असते. काडीचं स्वतःचं जडत्व आणि जमिनीतली मुळं हाच तिचा डावा हात. दोन दोऱ्यांचं यंत्र असेल तर सेकंदाला दोनशे फटके बसतात. आपण सेकंदाला अर्धा मीटर या संथ चालीने पुढे सरकत असलो, तर दोन फटक्यांमध्ये यंत्र अवघं अडीच मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. गवत जितकं कोवळं आणि लवचिक, तितका वेग जास्त लागतो. जाडीचा प्रश्न इथे अजून आलेलाच नाही, हे ध्यानात ठेवा.

आता जाडीकडे. जाड दोरी मजबूत असणार असं सगळ्यांनाच वाटतं. पण दोरी जाड केली की तिचं वजन वाढतं, म्हणून फिरताना तिच्यातली ओढ वाढते. आणि ती ओढ सोसणारा छेदही अगदी त्याच प्रमाणात वाढतो. भागाकार केला की जाडी हिशोबातून उडून जाते. आपल्या यंत्रात दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार साधारण साडेचार न्यूटन, १.६ ची दोरी असो की ३ ची, तेवढाच. साधं नायलॉन याच्या दहा-पंधरा पट भार सोसतं. म्हणजे नुसत्या फिरण्याने बारीक दोरीही तुटायचं कारण नाही, आणि त्या बाबतीत जाडीने काडीचाही फायदा होत नाही. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

दोरी तुटते ती दुसऱ्या कारणांनी. दगडावर आपटून, सिमेंटच्या कडेवर घासून, भोकापाशी पुन्हा पुन्हा वाकून. कोकणात तर जांभ्या दगडाचा गडगा हा दोरीचा हाडवैरी. त्याचा खरखरीत, भोकाभोकांचा पृष्ठभाग दोरी अक्षरशः कानशीसारखा खातो, आणि गडग्याच्या बुडाशीच नेमकं गवत माजलेलं असतं. तिथे यंत्र गडग्याला चिकटवून न नेता दोन बोटांचं अंतर राखून टोकाटोकानेच काम केलं तर रीळ किती तरी जास्त पुरतं. उरलेलं हाताने उपटावं. बेणणीला विळा काही नवा नाही.

फिरणाऱ्या मऊ वस्तूने कापायची ही कल्पना ज्याला सुचली, तो माणूस अभियंता नव्हता, नृत्यशाळा चालवणारा होता. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनचा जॉर्ज बॅलस. १९७१ साली तो मोटार धुवायच्या यंत्रातून गाडी नेत होता. गाडीवर येऊन आदळणारे ते मोठे फिरते ब्रश त्याने पाहिले. त्यांचे नायलॉनचे केस फिरताना ताठ होतात, घाण काढतात, पण रंगाला ओरखडा पाडत नाहीत. त्याच्या आवारात मोठमोठी झाडं होती आणि त्यांच्या बुंध्यांपाशी गवत कापताना पात्याच्या यंत्राने साल सोलली जाई. घरी येऊन त्याने एक पत्र्याचा डबा घेतला, त्याला भोकं पाडली, त्यांतून मासेमारीच्या दोऱ्या ओवल्या आणि डबा गवताच्या कडा कापायच्या यंत्रावर बसवून फिरवला. गवत तुटलं. कंपन्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा त्याने स्वतःच कंपनी काढली आणि ‘वीड ईटर’ या नावाने यंत्र विकायला सुरुवात केली. १९७७ मध्ये ती कंपनी एमर्सन इलेक्ट्रिकने विकत घेतली. २०११ मध्ये बॅलस वारला. त्याचा मुलगा आणि नातू दोघेही नर्तक म्हणून नावाजले, हे जाता जाता.

आणखी एक योग पाहा. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या चमूने १९३५ च्या फेब्रुवारीत नायलॉन पहिल्यांदा बनवलं. १९३८ मध्ये ते बाजारात आलं ते टूथब्रशच्या केसांच्या रूपात. नायलॉनच्या मोज्यांसाठी उडालेली ती प्रसिद्ध झुंबड १९४० ची. म्हणजे नायलॉनचा पहिला धंदाच ब्रशचा. मोटार धुणाऱ्या ब्रशातून ट्रिमरची कल्पना निघाली ती तिथूनच चालत आलेली.

त्याच प्रयोगशाळेत १९३० साली कॅरोदर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी काचेच्या कांडीला चिकटलेला वितळलेल्या पॉलिएस्टरचा गोळा ओढून पाहिला. तो लांबतच गेला. मग कॅरोदर्स बाहेर गेल्याची संधी साधून मंडळींनी एकाने गोळा धरायचा आणि दुसऱ्याने टोक घेऊन बोळभर पळायचं असा खेळ केला. ताणल्यावर तो धागा रेशमासारखा चमकदार आणि कितीतरी मजबूत झाला, कारण आत अस्ताव्यस्त पसरलेल्या रेणूंच्या साखळ्या ओळीने उभ्या राहिल्या. आजही नायलॉनची दोरी अशीच बनते: वितळवून बारीक तोंडातून बाहेर काढायची, पाण्यात थंड करायची, मग ताणायची. पण ताणण्याची किंमत असते. साखळ्या लांबीच्या दिशेने एकवटल्या की आडव्या दिशेने एकमेकींना कमी धरून ठेवतात. दोरीचं टोक कुंच्यासारखं पिंजतं ते म्हणूनच. मासेमारीच्या दोरीला लांबीत ओढ सोसायची असते. ट्रिमरच्या दोरीला आडवे फटके खायचे असतात. घरात पडलेली गळाची दोरी ट्रिमरला लावून काम भागेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी बॅलसच्या डब्यानंतर निम्म्या शतकाहून जास्त काळ लोटलाय हे लक्षात घ्यावं.

आता त्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ, जो बॅटरीवाल्यांना खरा भेडसावतो. ही दोरी दिवसभर कापते काय? गवत थोडं. मुख्यतः हवा.

ताशी ३४० किलोमीटरने जाणाऱ्या दोरीला हवा पाण्यासारखी दाट लागते. वर काढलेल्या मापांवरून हवेचा विरोध मोजला, तर दोन मिलिमीटरच्या एका दोरीला नुसती हवा कापत राहायला सुमारे ४० वॅट लागतात. दोन दोऱ्यांना ८०. हिशोब ढोबळ आहे. दोऱ्यांबरोबर आसपासची हवाही थोडी फिरू लागते, म्हणून प्रत्यक्षात आकडा खाली येतो. पण अंदाज यायला पुरेसा आहे. अठरा व्होल्ट, चार अँपिअर-तासांच्या बॅटरीत भरलेली ऊर्जा किती? गुणाकार करा: ७२ वॅट-तास. म्हणजे एकही काडी न कापता, मोकळ्या अंगणात यंत्र नुसतं चालू ठेवलं, मोटर तापण्यात काही वाया गेलं नाही असं मानलं, तरी बॅटरी तासाभरात रिकामी. गवत कापायला लागणारी ऊर्जा यातूनच निघायची आहे.

(बॅटरीच्या खोक्यावर काही ठिकाणी २० व्होल्ट लिहिलेलं असतं. फसू नका. आत पाचच सेल असतात. एकेकाचं नेहमीचं मोजमाप ३.६, पाचांचं अठरा. पूर्ण भरलेले असताना ते चारच्या वर जातात, तिथे वीस होतात. बॅटरी तीच.)

हवेचा हा कर दोरीच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो. दोनच्या जागी २.४ लावली की वीस टक्के जास्त. पेट्रोलच्या यंत्राला हे कळतही नाही. त्याची ताकद हजार वॅटच्या आसपास किंवा वर, आणि टाकीत पुन्हा पेट्रोल ओतता येतं. म्हणून दुकानदाराचा सल्ला त्याच्यासाठी ठीक. बॅटरीचं छोटं यंत्र जाड दोरी लावल्यावर मंदावतं, जास्त करंट ओढतं, तापतं, आणि आतलं नियंत्रण सर्किट एका टप्प्यावर त्याला बंदच पाडतं. लोक म्हणतात मशीन खराब झालं.

जाड दोरीचा काहीच उपयोग नाही असं मात्र नाही, आणि इथे प्रामाणिक राहायला हवं. २.४ ची दोरी दोनच्या दोरीपेक्षा ४४ टक्के वजनदार असते. तिचा फटका तेवढा जड बसतो. वाळून कडक झालेले दांडे, कुसळी गवताचे बुडखे यांना असा जड फटका कामाला येतो. कोवळ्या लुसलुशीत गवताला त्याची गरजच नसते. तिथे वेग हवा, आणि बारीक दोरी कमी जागेवर दाब देत जास्त स्वच्छ कापते. शिवाय रिळात जागा ठराविक. जेवढ्या रिळात दोनची सहा मीटर दोरी मावते, तेवढ्यात २.४ ची जेमतेम चार मीटर. म्हणजे जाड दोरी ‘टिकते’ म्हणून घेतली आणि रीळ लवकर संपलं, असंही घडतं. घाणेरी, रानमोडी यांसारख्या लाकूड धरलेल्या झुडपांपुढे तर कुठलीच दोरी चालत नाही. तिथे कोयता.

पण जाडीवरून वाद घालणारे लोक ज्या गोष्टीकडे पाहतच नाहीत, ती आहे लांबी. हवेला लागणारी ताकद लांबीच्या चौथ्या घाताने वाढते. केंद्रापासूनचं अंतर १५ वरून १६ सेंटिमीटर झालं, एक सेंटिमीटर फक्त, तर फेरे तेवढेच ठेवायला सुमारे तीस टक्के जास्त ताकद हवी. जाडी २ वरून २.४ करण्यापेक्षाही हे महाग! यंत्राच्या संरक्षक कवचाला एक छोटं पातं बसवलेलं असतं. जास्त बाहेर आलेली दोरी ते आपोआप छाटतं. आपल्याकडे हे कवच अडचण होते म्हणून काढून टाकायची मोठी हौस. कवच गेलं की पातंही गेलं, दोरी वीस सेंटिमीटरपर्यंत बाहेर येते आणि हवेचा कर तिपटीवर जातो. वर खडे थेट नडगीवर. त्या पात्याची किंमत काही रुपये असेल, पण बॅटरी राखण्याचं काम रिळापेक्षा तेच जास्त करतं.

दोरी पुढे सरकते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. आतमध्ये तिला ढकलणारी कुठलीही मोटर नाही. हेड जमिनीवर हलकेच आपटलं की बुडाची गुंडी दाबली जाते, रीळ क्षणभर सुटतं, आणि फिरणारी दोरी स्वतःच्याच ओढीने थोडी बाहेर येते. मग रीळ पुन्हा अडकतं. ती १.४ किलोची ओढ इथे कामाला लागते. म्हणून यंत्र बंद करून किंवा अगदी मंद चालवून कितीही आपटा, दोरी येत नाही. आणि दोरी फार आखूड झाली असेल तर वजन कमी, ओढ कमी, तेव्हाही ती येत नाही. हेड उघडून हाताने खेचावी लागते. काही छोट्या यंत्रांत आपटावंही लागत नाही, ओढीतला फरक ओळखून रीळ आपणच सुटतं. अशी यंत्रं दोरीच्या मापाबाबत जास्तच चोखंदळ. ती एका ठराविक वजनाच्या दोरीसाठी जुळवलेली असतात. दुसरी घातली की एकतर दोरी सरकतच नाही किंवा सारखी सरकत राहते.

आकाराची गोष्ट कानांपासून सुरू करावी लागते. बॅटरीच्या यंत्रात इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे जो घोंघाट ऐकू येतो त्यातला बराचसा दोरीचाच. वाऱ्यात तारा का गातात याचा शोध चेक भौतिकशास्त्रज्ञ चेनेक स्ट्रोहाल यांनी घेतला आणि १८७८ मध्ये सूत्र मांडलं. त्यामागचं भोवऱ्यांचं कारण पुढे उलगडलं: गोल तारेमागे हवेचे भोवरे आळीपाळीने एकदा वरून, एकदा खालून सुटतात, आणि त्यांची वारंवारता म्हणजे वेग भागिले जाडी, त्याच्या साधारण एक पंचमांश. आपल्या दोरीला हे लावलं तर भोकाजवळ सेकंदाला तीन हजारांवर आणि टोकाशी नऊ हजारांवर कंपनं निघतात. माणसाचा कान नेमका दोन ते पाच हजारांच्या आसपास सर्वांत तिखट. दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या शेजाऱ्याची तक्रार भौतिकशास्त्राला धरूनच असते.

यावर उपाय पिळाच्या दोरीत आहे. पीळ असला की लांबीभर भोवरे एकाच वेळी, एका लयीत सुटू शकत नाहीत. ते एकमेकांना विस्कटतात आणि शिट्टी मोडते. कारखान्यांच्या उंच पोलादी धुराड्यांच्या वरच्या भागाला गोल गोल चढत गेलेल्या पट्ट्या पाहिल्या असतील. त्याही याचसाठी. वाऱ्याच्या भोवऱ्यांनी धुराडं डोलू नये म्हणून ब्रिटनमधल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ख्रिस्तोफर स्क्रूटन यांनी १९५० च्या दशकात त्या विकसित केल्या. हाच पीळ दोन मिलिमीटरच्या दोरीवर उतरला आहे. चौकोनी आणि चांदणीच्या दोऱ्यांना कडा असतात, नवीन असताना त्या चटकदार कापतात, मग कडा झिजतात आणि गोल दोरीच उरते. चौकोनी आकाराला हवाही जास्त अडते. लहान यंत्राला गोल किंवा पिळाची. चांदणीचं कौतुक मी तरी करणार नाही.

परदेशात असलेल्यांसाठी एक सोय. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात घरामागचं गवत स्वतःच कापणाऱ्या मराठी माणसाला दुकानात मिलिमीटर सापडत नाहीत. तिथे इंचाचे हजारावे भाग चालतात. ०.०६५ म्हणजे १.६५ मिलिमीटर, ०.०८० म्हणजे दोन, ०.०९५ म्हणजे २.४. पहिली हलक्या यंत्रांची, दुसरी मधल्यांची, तिसरी जास्त व्होल्टच्या दणकट यंत्रांची. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाच्या वर जाऊ नये, एवढं पाळलं की निम्मं काम झालं.

आता पाणी. नायलॉनच्या साखळ्या जिथे एकमेकींचे हात धरतात, तिथे पाण्याचे रेणू शिरतात आणि ती पकड सैल करतात. त्यामुळे दोरी मऊ, लवचिक, चिवट होते. पाण्यात पूर्ण मुरलेलं नायलॉन आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी पिऊन बसतं! उलट, विदर्भातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत माळ्यावर पडलेलं रीळ ठिसूळ होतं आणि पहिल्याच दगडावर काडीसारखं तुटतं. जुनी दोरी वापरण्याआधी पाण्यात भिजत घालावी असं जाणकार सांगतात, त्यामागचं कारण हे. फक्त एका रात्रीत पाणी बाहेरच्या थरातच जातं. आत मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो: दुप्पट जाड दोरीला चौपट वेळ. बादलीत चार-पाच दिवस विसरलात तरी बिघडत नाही. कोकणात जुलैमध्ये हे करायची गरज नाही, तिथली हवाच ते काम करते. ऊन मात्र दोरीला कायमचं कमजोर करतं, भिजवून ते भरून येत नाही. खिडकीत टांगलेलं, रंग विटलेलं रीळ स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

ओली दोरी आणखी एका संकटातून वाचवते. रिळात शेजारशेजारचे वेढे सतत थरथरत एकमेकांवर घासतात. दोरी भिंतीवर आपटली की तो झटका आत रिळापर्यंत जातो. नायलॉनच्या एका प्रकाराचा वितळणबिंदू २२० अंशांच्या आसपास आहे. घासण्याने तेवढी उष्णता एका ठिपक्यावर निर्माण होते, दोन वेढे तिथे चिकटतात, आणि दोरी पुढे यायची बंद. सैल गुंडाळलेलं, वेढे एकमेकांवरून गेलेलं रीळ हमखास चिकटतं. रिळावर बाणाने दाखवलेल्या दिशेने, घट्ट, ओळीने गुंडाळायचं आणि काठोकाठ भरायचं नाही, कारण पाणी प्यायलेलं नायलॉन थोडं फुगतंही.

लोखंडी तार लावायची कल्पना कुणी देईल. देणाऱ्याला जरा दुरूनच नमस्कार करा. त्याच मापाची पोलादी तार नायलॉनच्या जवळजवळ सात पट जड. तिचा तुटका तुकडा ताशी साडेतीनशेच्या आसपास वेगाने कुठे जाईल ते सांगता येत नाही. नायलॉनचा तुकडासुद्धा उडतोच, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा, आणि गाजरगवत कापायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा व मास्कही, कारण त्याचा उडालेला चुरा अनेकांच्या अंगावर पुरळ उठवतो.

बॅलसने दोरी निवडली ती झाडाची साल वाचावी म्हणून. मोठ्या वृक्षाच्या जाड सालीपुरतं ते खरं आहे. पण दोन-तीन वर्षांच्या आंब्याच्या कलमाची किंवा काजूच्या रोपाची साल दोरीचे सेकंदाला दोनशे फटके सोसत नाही. साल वर्तुळाकार सोलली गेली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरायचा मार्ग बंद होतो. झाड लगेच मरत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी कारण न कळता वाळतं. कलमांभोवती हातभर रुंदीचं आळं कोरडा पालापाचोळा टाकून मोकळं ठेवलं, तर यंत्र तिथवर जायचंच कारण उरत नाही.

उरलेल्या दोरीचं काय होतं? ती उरतच नाही. दोन मिलिमीटरची दोरी मीटरला साडेतीन ग्रॅम भरते. पंधरा मीटरचं रीळ वापरून संपलं म्हणजे पन्नास ग्रॅमवर नायलॉन तुकड्यातुकड्यांनी त्या अंगणात पडलं. मोठे तुकडे वेचता येतात, बारीक कण मातीत राहतात. दगडांवर कमी आपटणारी दोरी म्हणजे कमी प्लास्टिकही. पुस्तिकेत दोन मापं चालतील असं लिहिलेलं असेल तर दोन्हींची छोटी रिळं घ्यावीत: ऑगस्टमध्ये टाकळा, हराळी, कोवळं गवत कापायला बारीक, पिळाची, आणि गवताला बी धरून ते दसऱ्यानंतर वाळून कडक झालं की जाड. दोन्ही आधी बादलीत.